गावरान आणि बँटम कोंबड्यांची लहान अंडी: स्वयंपाक व केकविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परसात चार-सहा कोंबड्या पाळणाऱ्या घराला अंड्यांची वाण नसते, परंतु छापील किंवा दृक्‌श्राव्य पाककृतींतले ‘तीन अंडी’ हे माप दुकानातल्या अंड्याला धरून लिहिलेले असते आणि खुराड्यातले अंडे त्याच्या दोन-तृतीयांश, फार तर तीन-चतुर्थांश भरते. आमच्या घरी बारा वर्षांपासून गावरान कोंबड्या आहेत आणि अलीकडे त्यांच्या जोडीला काही ठेंगण्या बँटम कोंबड्याही आल्या आहेत. नातेवाईक, शेजारी आणि नव्याने कोंबड्या पाळू लागलेले स्नेही जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. या सर्व उत्तरांमागे एकच आग्रह आहे: लहान अंडी नगावर मोजू नयेत, ती तोलावीत.

लहान अंडे म्हणजे नेमके केवढे?

आपल्याकडील ॲगमार्क प्रतवारीनुसार ३८ ते ४४ ग्रॅमचे अंडे लहान, ४५ ते ५२ ग्रॅमचे मध्यम, ५३ ते ५९ ग्रॅमचे मोठे आणि ६० ग्रॅम किंवा त्याहून जड अंडे अतिमोठे समजले जाते. गावरान कोंबडीचे अंडे साधारणतः ३५ ते ४५ ग्रॅमच्या दरम्यान भरते, म्हणजे ते लहान प्रतीत बसते किंवा तिच्याही खाली राहते. कडकनाथचे अंडेही याच सुमाराचे असते. (या कोंबडीचे मांस काळे असले तरी तिच्या अंड्याचे कवच फिकट, मलईच्या रंगाचे असते. काळी अंडी मागणाऱ्यांची नेहमी निराशा होते, म्हणून हे आधीच सांगितलेले बरे.) गिरिराज, वनराज यांसारख्या सुधारित जातींची अंडी मात्र बरीच मोठी असतात आणि त्यांना पुढील हिशेब लागू करण्याचे कारण नाही.

बँटम म्हणजे ठेंगण्या कोंबड्या. जावा बेटाच्या पश्चिमेकडील बांतेन या जुन्या बंदराच्या नावावरून युरोपीय खलाशांनी त्यांना हे नाव दिले. हौसेने पाळल्या जाणाऱ्या बहुतेक बँटम कोंबड्यांचे अंडे ३० ते ४० ग्रॅमचे असते आणि सेरामासारख्या अगदी चिमुकल्या कोंबडीचे अंडे २० ते २५ ग्रॅमच्या वर सहसा जात नाही.

पाककृतीत तीन अंडी सांगितली असतील, तर माझी किती घ्यावीत?

आधी त्या पाककृतीतले अंडे कोणत्या देशातले आहे हे पाहावे लागते, कारण ‘लार्ज’ हा एकच शब्द तीन वेगवेगळ्या वजनांसाठी वापरला जातो. अमेरिकी पाककृतीतले मोठे अंडे कवचासह सुमारे ५७ ग्रॅमचे असते आणि फोडल्यावर त्यातून ५० ग्रॅम ऐवज मिळतो. ब्रिटिश पाककृतीतले मोठे अंडे ६३ ते ७३ ग्रॅमचे असते, म्हणजे ते आपल्या गावरान अंड्याच्या जवळजवळ पावणेदोन पट होते. आपल्याकडच्या पाककृती बाजारातल्या अंड्यावर बेतलेल्या असतात आणि ते फोडल्यावर ४५ ते ४८ ग्रॅम भरते, असे धरून चालण्यास हरकत नाही.

आता आपल्या अंड्याचा हिशेब करू. कवचाचे वजन एकूण वजनाच्या साधारण दहा ते अकरा टक्के असते. त्यामुळे ३८ ग्रॅमचे अंडे फोडले की सुमारे ३४ ग्रॅम ऐवज हाती येतो आणि त्यात अंदाजे २१ ग्रॅम पांढरा भाग व १३ ग्रॅम पिवळा बलक असतो. यावरून असे दिसते की बाजारातल्या तीन अंड्यांच्या जागी आपली चार अंडी बसतात आणि अमेरिकी दोन मोठ्या अंड्यांच्या जागी आपली तीन. अंडी ३२ ग्रॅमच्या बँटमची असतील तर अमेरिकी दोन अंड्यांना साडेतीन लागतात. अशा वेळी चार अंडी फोडून, हलके फेटून त्यांतले हवे तेवढे तोलून घ्यावे आणि उरलेले पावावर किंवा पॅटिसवर वरून लावण्यासाठी ठेवावे.

पाच-सात ग्रॅमचा फरक कुठेही जाणवत नाही. वीस ग्रॅम कमी पडले तर मात्र केक भुसभुशीत होतो, त्याचा काप धरत नाही, आणि वीस ग्रॅम जास्त झाले तर तो रबरासारखा लागतो व त्याला अंड्याचा वास येतो.

घरी तराजू नसेल तर?

अंड्याचा ग्रॅम आणि मिलिलिटर जवळजवळ सारखेच असतात. फेटलेली अंडी मापाच्या कपात ओतावीत. २४० मिलिलिटरच्या अर्ध्या कपापेक्षा किंचित अधिक, म्हणजे अर्धा कप आणि वर एक टेबलस्पून, एवढा ऐवज बाजारातल्या तीन अंड्यांबरोबर होतो. घरातली वाटी मात्र या कामाला घेऊ नये, कारण दोन घरांतल्या वाट्या सारख्या नसतात. इलेक्ट्रॉनिक स्वयंपाकी तराजू आता सहज मिळतो आणि कोंबड्या पाळणाऱ्या घराला तो ओव्हनपेक्षा अधिक उपयोगी पडतो, असे मी अनुभवाने सांगू शकते.

आजीच्या वहीत ‘आठ अंडी’ लिहिले आहे. तीही बदलून घ्यावीत का?

हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण येथे हिशेब उलटा होतो. महाराष्ट्रात आणि गोव्यात बाजारपेठेसाठी अंड्यांचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन गेल्या पन्नास-पंचावन्न वर्षांतले आहे. कुक्कुटपालन व्यवसायातली वेंकटेश्वर हॅचरीज ही कंपनी १९७१ साली सुरू झाली आणि राष्ट्रीय अंडी समन्वय समिती १९८२ साली स्थापन झाली. संकरित कोंबडीचे एकसारखे, मोठे, पांढरे अंडे त्यानंतर हळूहळू गावोगावच्या दुकानांत पोहोचले. त्याआधी लिहिलेल्या वहीतले अंडे हे खुराड्यातले, म्हणजे आपल्या आजच्या गावरान अंड्याएवढेच असण्याची शक्यता अधिक असते.

अशी वही समोर असेल तर गावरान अंडी लिहिल्याप्रमाणे आठच घ्यावीत. त्यांचा ऐवज सुमारे २७० ग्रॅम होतो. त्याच कृतीत बाजारातली आठ अंडी घातली तर तो ३६५ ग्रॅमच्या पुढे जातो, म्हणजे नकळत दोन अंडी जास्त पडतात. वसईकडच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांतल्या फुग्या असोत, गोव्यातला रवा-खोबऱ्याचा बाथ असो किंवा नाताळात होणारी बोलिन्ये, म्हणजे खोबऱ्याची बिस्किटे, असोत, ‘आईच्या हातचे जमत नाही, पीठ सैल होते’ ही तक्रार जेथे जेथे ऐकू येते तेथे हात चुकलेला असतोच असे नाही. बऱ्याचदा अंडे मोठे झालेले असते आणि वहीतला आकडा तोच राहिलेला असतो. आमच्या घरातल्या जुन्या रवा केकची हीच गत होती. दुकानातली अंडी वापरून तो दर वेळी मध्ये बसायचा आणि परसातली अंडी घालून केल्यावर पहिल्याच खेपेला नीट फुलला.

वही केव्हाची आहे हे ठाऊक नसेल तर त्या कृतीतल्या इतर मापांकडे पाहावे. शेर, छटाक, तोळा किंवा ‘एक पेला’ अशी मापे असतील तर अंडीही त्याच काळातली समजावीत.

लहान अंड्यांसाठी एखादी खात्रीची केकची कृती आहे का?

आहे, आणि तिला अंड्याच्या आकाराची अडचणच येत नाही. अंडी कवचासह तोलावीत आणि जेवढे वजन भरेल तेवढेच लोणी, तेवढीच साखर व तेवढाच मैदा घ्यावा. इंग्लंडमध्ये साध्या स्पंज केकसाठी ही पद्धत फार जुनी आहे. समजा, ४० ग्रॅमची पाच अंडी आहेत, तर २०० ग्रॅम मऊ लोणी व २०० ग्रॅम दळलेली साखर पांढरट व हलकी होईपर्यंत फेटावी, अंडी एकेक करून घालावीत आणि शेवटी २०० ग्रॅम मैदा, दीड ते दोन चहाचे चमचे बेकिंग पावडर व चिमूटभर मीठ चाळून हलक्या हाताने मिसळावे. मिश्रण घट्ट वाटल्यास दोन टेबलस्पून दूध घालावे. वीस सेंटिमीटरच्या डब्यात १७५ अंश सेल्सिअसला हा केक चाळीस ते पंचेचाळीस मिनिटांत होतो. लोणी खारे असेल तर मीठ वगळावे.

या कृतीत लहान अंड्यांचा एक उघड फायदा आहे. लोणी-साखरेत एकदम मोठे अंडे पडले की मिश्रण फाटते, तर लहान अंडे थोडे थोडे आत जाते आणि मिश्रण एकजीव राहते. अंडी मात्र फ्रिजमधून काढून तासभर बाहेर ठेवलेली असावीत. तरीही मिश्रण फाटल्यासारखे दिसले तर मोजलेल्या मैद्यातलाच एक चमचा मैदा घालून पुढे जावे.

ओव्हन नसणाऱ्यांनी जाड बुडाचे, घट्ट झाकणाचे पातेले घ्यावे, तळाला मिठाचा किंवा स्वच्छ वाळूचा थर द्यावा, त्यावर जाळी ठेवून दहा मिनिटे तापवावे आणि मंद आचेवर पाऊण तास ते पंचावन्न मिनिटे केक भाजावा. पूर्वी यासाठी शिटी व रबर काढून कुकर वापरला जाई. पाण्याविना कुकर तापवल्याने तो बिघडतो, म्हणून जुने पातेलेच योग्य ठरते.

वजन अचूक घेऊनही केक थोडा दाट का झाला?

लहान अंड्यात बलकाचा वाटा जास्त असतो. बाजारातल्या अंड्याच्या ऐवजात बलक साधारण एक-तृतीयांश असतो, तर गावरान अंड्यात तो त्याहून चांगलाच अधिक भरतो. बलकात स्निग्धांश असतो, त्यामुळे केक मऊ, ओलसर आणि चवीला भरीव होतो, परंतु पांढऱ्या भागातले पाणी व प्रथिने कमी पडल्याने तो तेवढा उंच फुगत नाही. मावा केक, रवा केक, फळांचा केक यांना हा गुण हवाच असतो. हलका, कापसासारखा स्पंज हवा असल्यास पाच अंड्यांमागे एक बलक काढून ठेवावा आणि त्याच्या जागी एका जादा अंड्याचा पांढरा भाग घालावा. काढलेले बलक कस्टर्डला उपयोगी पडतात.

कृतीत फक्त बलक किंवा फक्त पांढरा भाग लागत असेल तर?

तेव्हा तराजूशिवाय गत्यंतर नाही, कारण वरच्या कारणामुळे दोन्हींचे प्रमाण सारखे बदलत नाही. मोठ्या अंड्याचा बलक १७-१८ ग्रॅमचा आणि आपला १३ ग्रॅमचा असतो, म्हणून चार बलकांच्या जागी साडेपाच लागतात. पांढरा भाग ३० ते ३३ ग्रॅमच्या जागी २१ ग्रॅम मिळतो, म्हणून चारांच्या जागी सहा लागतात.

बेबिंकसारखा पदार्थ बलकांवरच उभा असतो. नारळाचे घट्ट दूध, साखर, मैदा आणि बलक यांचे मिश्रण थरावर थर देत, प्रत्येक थर वरून भाजून हा पदार्थ केला जातो, आणि बलक कमी पडले तर थर कापताना सुटे होतात. आजच्या छापील कृतीत दहा बलक सांगितले असतील तर १७० ग्रॅमच्या हिशेबाने आपले तेरा घ्यावेत. उरलेला पांढरा भाग फुकट जाऊ देऊ नये. बंद डब्यात तो फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकतो आणि गोठवला तर महिनोन्‌महिने राहतो.

कॅरामल कस्टर्डला किती अंडी घ्यावीत?

अर्धा लिटर दुधाला बाजारातली चार अंडी लागतात. आपली पाच घेतल्यास कस्टर्ड चमच्याने खाण्याइतके मऊ लागते आणि सहा घेतल्यास ते ताटलीत उलटे करूनही उभे राहते. बलक अधिक असल्याने त्याचा पोत खरवसाच्या जवळ जातो आणि मला तरी बाजारातल्या अंड्यांपेक्षा हेच कस्टर्ड सरस वाटते. वाफ मंद ठेवावी, भांड्यावर झाकण ठेवून झाकणाखाली कापड बांधावे आणि मिश्रणाला उकळी येऊ देऊ नये, नाहीतर आत छिद्रे पडून पाणी सुटते.

लहान अंडे किती वेळ उकडावे?

घरातल्या तापमानाचे ३८ ग्रॅमचे अंडे उकळत्या पाण्यात सोडल्यावर साडेचार ते पाच मिनिटांत पांढरा भाग घट्ट होतो व बलक वाहता राहतो, तर आठ मिनिटांत ते पूर्ण कडक होते. फ्रिजमधले अंडे असेल तर एक मिनिट वाढवावे. दुकानातल्या अंड्याच्या सवयीने बारा मिनिटे ठेवल्यास बलकाभोवती हिरवट-करडी कडा येते. बलकातले लोह आणि पांढऱ्या भागातले गंधक जास्त उष्णतेने एकत्र आल्यामुळे ती तयार होते. तिच्याने अपाय होत नाही, पण चव बिघडते. वेळ होताच अंडी थंड पाण्यात टाकावीत. महाबळेश्वर सुमारे १३५० मीटर उंचीवर असल्याने तेथे पाणी ९५-९६ अंशांनाच उकळते, म्हणून अशा ठिकाणी मिनिटभर अधिक द्यावे.

ताजी अंडी सोलताना पांढरा भाग कवचाला का चिकटतो?

घातल्याबरोबर अंड्याच्या पांढऱ्या भागात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो आणि तो कवचाच्या छिद्रांतून सावकाश बाहेर जातो. तो असेपर्यंत पांढरा भाग कमी अल्कधर्मी असतो आणि उकडल्यावर आतल्या पापुद्र्याला घट्ट चिकटतो. आठ-दहा दिवस फ्रिजमध्ये ठेवलेली अंडी सहज सोलली जातात. आजचीच अंडी उकडायची असतील तर गार पाण्यातून सुरुवात न करता ती उकळत्या पाण्यात सोडावीत किंवा चाळणीत ठेवून वाफवावीत, आणि गार पाण्यात बुडवूनच सोलावीत. गावरान अंड्याचा पापुद्रा चिवट असतो, त्यामुळे घाई केल्यास अंड्याला खड्डे पडतात.

रोजच्या स्वयंपाकात, म्हणजे रस्सा, बुर्जी, पोळा यांत काही बदल करावा लागतो का?

फारसा नाही. माणशी दोनाऐवजी तीन अंडी धरावीत. बुर्जीत कांदा-टोमॅटोचे प्रमाण अंड्याच्या वजनाशी जुळवावे, अन्यथा ती पाणचट होते. अंड्याच्या रश्श्यात लहान अंडी अर्धी न कापता अखंडच सोडावीत, कारण त्यांचा बलक मोठा असल्याने कापल्यावर तो निसटून रश्श्यात विरघळतो. उकडलेल्या अंड्यांना सुरीने हलक्या चिरा देऊन तेलावर परतून घेतल्यास मसाला आत मुरतो.

लहान अंड्याची खरी शोभा उकळत्या आमटीत फोडून सोडण्यात आहे. ताज्या अंड्याचा पांढरा भाग घट्ट असल्याने तो आमटीभर पसरत नाही, बलकाभोवती गोळा होतो. आमटीची उकळी मंद करावी, एकेक अंडे आधी वाटीत फोडून कडेने सोडावे, ढवळू नये, आणि झाकण ठेवून पाच-सहा मिनिटे शिजू द्यावे. कटलेट किंवा पॅटिस घोळवण्यासाठी एक लहान अंडे व एक चमचा दूध सहा ते आठ नगांना पुरते.

कृती अर्धी करताना लहान अंडी सोयीची पडतात का?

होय. तीन मोठ्या अंड्यांची कृती निम्मी करायची झाल्यास ७५ ग्रॅम ऐवज लागतो, आणि आपली दोन अंडी व दीड चहाचा चमचा दूध एवढ्याने तो पुरा होतो.

घरी कोंबडा आहे. फलित अंडी खाण्यास व केकला चालतात का?

चालतात. चवीत आणि पोषणात फरक नसतो. उबवणीची ऊब मिळाल्याखेरीज आत गर्भ वाढत नाही. बलकावरचा पांढुरका ठिपका फलित आणि अफलित अशा दोन्ही अंड्यांत असतो, त्यामुळे तो पाहून घाबरू नये.

आपल्या हवामानात मात्र एक काळजी घ्यावी लागते. वीस-एकवीस अंशांखाली गर्भाची वाढ थांबलेली असते, परंतु उन्हाळ्यात विदर्भ-मराठवाड्यात घरातले तापमानही पस्तीस-चाळीस अंशांना पोहोचते आणि कोंबडीविनाही वाढ सुरू होऊ शकते. अशा अंड्यात दोन-चार दिवसांनी रक्तवाहिन्यांचे बारीक कडे दिसते. मार्च ते जूनपर्यंत अंडी सकाळ-दुपार अशी दोनदा गोळा करून लगेच फ्रिजमध्ये ठेवावीत. अंधारात अंड्यामागे विजेरी धरली की आतले कडे किंवा काळसर डाग ओळखू येतो. खुडूक कोंबडीखाली दोन दिवसांहून अधिक राहिलेले अंडे स्वयंपाकात घेऊ नये.

कडे नसून रक्ताचा एखादाच सुटा ठिपका असेल तर तो अंडे तयार होताना सूक्ष्म वाहिनी फुटल्यामुळे आलेला असतो. चमच्याच्या टोकाने तो काढून टाकावा.

झुडपाखाली अंडी सापडली. ती वापरावीत का?

किती दिवसांची आहेत ते माहीत नसल्यास खोल भांड्यात पाणी घेऊन त्यांत ती सोडावीत. ताजे अंडे तळाशी आडवे पडते, आठवड्या-दोन आठवड्यांचे एका टोकावर उभे राहू लागते आणि फार जुने तरंगते, कारण कवचातून ओलावा उडून आतली हवेची पोकळी वाढत जाते. तरंगणारी अंडी टाकून द्यावीत. उरलेली प्रत्येक स्वतंत्र वाटीत फोडून मगच मिश्रणात घालावीत. खरे तर परसातले प्रत्येक अंडे असेच फोडावे. एका नासक्या अंड्याने लोणी, साखर आणि अकरा चांगली अंडी वाया गेल्याचा प्रसंग आमच्याकडे एकदा घडला, त्यानंतर हा नियम मोडलेला नाही.

अंडी धुवावीत का, आणि किती दिवस टिकतात?

अंड्यावर नैसर्गिक पातळ आवरण असते आणि ते छिद्रे झाकून जंतूंना अडवते. स्वच्छ अंडी न धुता ठेवावीत, किंचित माखलेली कोरड्या फडक्याने पुसावीत. धुणे भागच पडले तर अंड्यापेक्षा थोडे कोमट पाणी घ्यावे, कारण गार पाण्याने आतला ऐवज आकसतो आणि बाहेरची घाण छिद्रांतून ओढली जाते. धुतलेली अंडी लगेच संपवावीत. पूर्वी तांदळात, भुशात किंवा राखेत अंडी पुरून ठेवत. हिवाळ्यात ते ठीक असले तरी वैशाखात त्यावर विसंबू नये. फ्रिजमध्ये, निमुळते टोक खाली करून ठेवलेली अंडी तीन ते चार आठवडे चांगली राहतात. त्यांवर पेन्सिलीने तारीख लिहावी.

श्रावणात घरी कोणी अंडी खात नाही आणि कोंबड्या तर घालतच राहतात. काय करावे?

गावरान कोंबडी बारा-पंधरा अंडी घालून खुडूक बसते, त्यामुळे अंडी एकदम येतात आणि एकदम थांबतात. श्रावण आणि पुढे गौरी-गणपतीपर्यंत जमलेली अंडी गोठवून ठेवणे हा उत्तम मार्ग आहे. कवचासह गोठवल्यास ती फुटतात, म्हणून अंडी फोडून, फेस न आणता हलकेच एकजीव करून बंद डब्यांत भरावीत. एक कप ऐवजाला एक टेबलस्पून साखर किंवा अर्धा चहाचा चमचा मीठ घालावे, अन्यथा बलक गोठून चिकट, गुठळ्यांचा होतो आणि वितळल्यावर पूर्ववत होत नाही. फक्त बलक असतील तर साखर दीड टेबलस्पून घ्यावी. नुसत्या पांढऱ्या भागात काहीच घालण्याची गरज नसते. डब्यावर ग्रॅम, तारीख आणि ‘गोड’ की ‘खारे’ हे अवश्य लिहावे. वापरण्याच्या आदल्या रात्री डबा फ्रिजच्या खालच्या भागात आणून ठेवावा आणि हे अंडे पूर्ण शिजणाऱ्या पदार्थांतच घालावे. ऑगस्टमधल्या अंड्यांवर डिसेंबरातले नाताळचे केक सहज पार पडतात.

पांढरा भाग फेटताना ताजी अंडी चांगली की थोडी जुनी?

थोड्या जुन्या अंड्यांचा फेस लवकर आणि मोठा येतो, तर ताज्या अंड्यांचा फेस यायला वेळ लागतो पण तो अधिक टिकतो. केकसाठी ताजीच घ्यावीत. भांड्याला तुपाचा किंवा बलकाचा अंशही लागलेला नसावा. लहान अंड्यात बलक वेगळा करताना कवचाच्या धारेने तो चटकन फुटतो, म्हणून अंडे स्वच्छ हातावर ओतून पांढरा भाग बोटांमधून गळू द्यावा.

घरची अंडी आहेत, म्हणून कच्ची वापरली तर चालतील ना?

मी तसे सुचवणार नाही. साल्मोनेला हा जंतू निरोगी दिसणाऱ्या कोंबडीतही असू शकतो आणि क्वचित अंड्याच्या आतही असतो. घरचे मेयोनेझ, कच्च्या अंड्याचे मूस, अर्धकच्चा बलक हे पदार्थ लहान मुले, गरोदर स्त्रिया, वृद्ध आणि आजारी माणसे यांना देऊ नयेत. अंडे घातलेला पदार्थ आतपर्यंत ७१ अंशांना पोहोचला की तो सुरक्षित समजला जातो.

गडद पिवळा बलक अधिक पौष्टिक असतो का?

बलकाचा रंग कोंबडीच्या खाण्यातून येतो. हिरवा पाला, गवत आणि पिवळा मका खाणाऱ्या कोंबडीचा बलक गडद होतो आणि पांढऱ्या ज्वारीवर वाढणारीचा फिकट राहतो, मग ती अस्सल गावरान असली तरीही. झेंडूच्या पाकळ्यांचा अर्क खाद्यात मिसळूनही हा रंग आणला जातो. कवचाच्या रंगाचेही तसेच आहे. तो जातीवर अवलंबून असतो आणि तपकिरी अंडे गावरानच असेल असे म्हणता येत नाही. प्रथिनांचा विचार करायचा तर ३८ ग्रॅमच्या अंड्यातून सव्वाचार ग्रॅमच्या आसपास आणि ५५ ग्रॅमच्या अंड्यातून सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळतात. वजनागणिक दोन्ही सारखीच असतात. आहारतज्ज्ञाने ‘दोन अंडी’ सांगितली असतील तर त्याऐवजी आपली तीन खावीत.

आमच्या अंड्यांच्या केकला वशट वास येतो. कारण काय असावे?

कोकणात कोंबड्यांना मासळीचे टाकाऊ भाग आणि सुक्या जवळ्याचा चुरा मिळतो आणि त्याचा वास अंड्यात उतरतो. केकसाठी अंडी साठवायची असतील तेव्हा दोन-तीन आठवडे हे खाणे बंद करून भात, कणी, मका आणि पाला द्यावा. तोवर जायफळ, वेलची किंवा लिंबाची किसलेली साल वापरावी. व्हॅनिलापेक्षा जायफळाने हा वास अधिक चांगला झाकला जातो, असा माझा अनुभव आहे.

तलंगेची पहिली अंडी फारच बारीक आहेत. ती टाकून द्यावीत का?

मुळीच नाही. पहिल्यांदाच अंडी घालू लागलेल्या तलंगेची सुरुवातीची अंडी वीस-पंचवीस ग्रॅमची असू शकतात आणि काही आठवड्यांत ती नेहमीच्या वजनाला येतात. क्वचित एखाद्यात बलकच नसतो. अशी अंडी एकत्र फोडून तोलावीत आणि इतर अंड्यांप्रमाणेच वापरावीत. बिनबलकाचे निघाले तर त्यात चमचाभर दूध आणि चिमूटभर साखर घालून भट्टीत जाण्यापूर्वी गोड पावावर ब्रशने लावावे, वरच्या कवचाला सुरेख चकाकी येते.